प्रवाळ जलजीवालयातील उपद्रवी सूक्ष्मजंतुवाढ

खाऱ्या पाण्याच्या ज्या जलजीवालयात माशांबरोबर जिवंत प्रवाळ, समुद्रपुष्पे, गोगलगाई इ. अपृष्ठवंशी (पाठीचा कणा नसलेले) प्राणी पाळले जातात, त्यास प्रवाळ जलजीवालय म्हणतात. असे जलजीवालय नव्याने उभारल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वा महिन्यांत त्यातील वाळू, खडक व काचा यांवर लाल, किरमिजी, काळपट हिरवा किंवा तपकिरी रंगाचा बुळबुळीत थर पसरतो. कधीकधी सर्व पाणीच दुधासारखे पांढुरके होते. सूक्ष्मजंतूंच्या आणि त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या इतर सूक्ष्मजीवांच्या या अनिर्बंध वाढीला उपद्रवी वाढ असे म्हणतात. पाळणारे तिच्याकडे रोग म्हणून पाहतात व औषध शोधू लागतात. वस्तुतः जलजीवालयातील जीवसमूहाची घडण अद्याप अपुरी असल्याचे ते एक लक्षण होय. थर नष्ट करणे फारसे कठीण नसते. परंतु कारण दूर न करता तो नष्ट केल्यास काही दिवसांत पुन्हा येतो व पुष्कळदा अधिक चिवट जातीचे जीव त्याची जागा घेतात.

प्रकार व ओळख : सर्वांत अधिक आढळणारा थर सायनोबॅक्टेरियांचा असतो. यांना पूर्वी नील-हरित शैवले म्हणत व त्यांचा समावेश वनस्पतींत करीत. परंतु त्यांच्या कोशिकांत (पेशींत) सुस्पष्ट केंद्रक नसल्यामुळे आता ते सूक्ष्मजंतूंत गणले जातात. हे जीव हरितद्रव्याच्या साहाय्याने प्रकाशसंश्लेषण करतात (प्रकाशाच्या ऊर्जेने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून अन्न तयार करतात). पृथ्वीच्या वातावरणात सु. २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. हरितद्रव्याखेरीज त्यांच्यात फायकोसायनीन हे निळे व फायकोएरिथ्रीन हे लाल रंगद्रव्य असते आणि त्यांच्या प्रमाणानुसार थराचा रंग निळसर हिरव्यापासून गडद किरमिजीपर्यंत बदलतो. जलजीवालयात मुख्यतः ऑसिलॅटोरिया, फॉर्मिडियम, लिंगबिया, स्पिरुलिना इ. तंतुरूप वंशांतील जाती आढळतात. त्यांचे तंतू स्वतः स्रवलेल्या बुळबुळीत द्रव्यात गुंतून त्यांची सलग साय बनते. दुपारनंतर या सायीत ऑक्सिजनचे बुडबुडे अडकलेले दिसतात. नळीने ओढून घेतल्यास ती पापुद्र्याप्रमाणे सुटते व बाहेर काढल्यावर तिला कुबट वास येतो.

तपकिरी थर दिसल्यास मात्र निदान घाईने करू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वाळूवर पसरणारी भुकटीसारखी तपकिरी पूड बहुधा करंडक वनस्पतींची, म्हणजेच डायाटमांची असते. त्यांच्या कवचास सिलिका लागते व ती वाळूतून, खडकांतून किंवा नळाच्या पाण्यातून मिळते. उपलब्ध सिलिका संपली की ही वाढ आपोआप ओसरते; तिच्यासाठी वेगळा उपाय करावा लागत नाही. याउलट शेंबडासारखे लोंबणारे, टोकाशी बुडबुडे धरणारे तपकिरी धागे डायनोफ्लॅजेलेट या चाबकासारखे प्रकेसल असणाऱ्या एककोशिकीय जीवांचे असतात. त्यांपैकी ऑस्ट्रिऑप्सिस वंशातील काही जाती विषारी असून त्यांच्या वाढीत गोगलगाई मरू लागतात. पाण्याला येणारा पांढुरकेपणा या सर्वांहून वेगळा असतो. तो पाण्यात तरंगणाऱ्या परपोषी (इतरांनी तयार केलेल्या कार्बनी द्रव्यांवर जगणाऱ्या) सूक्ष्मजंतूंमुळे येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली सु. ४०० पट विवर्धन केल्यास शंका उरत नाही. सायनोबॅक्टेरियांचे तंतू चकत्यांच्या चळतीसारखे व केंद्रकरहित दिसतात, करंडक वनस्पतींची कवचे काचेसारखी व रेखीव असतात, तर डायनोफ्लॅजेलेट स्वतःभोवती गिरक्या घेत हिंडतात. सूक्ष्मदर्शक नसल्यास थराचा नमुना थोड्या पाण्यात जोराने हलवून कागदातून गाळतात व गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवतात. त्यात पुन्हा शेंबडासारख्या गुठळ्या जमल्यास डायनोफ्लॅजेलेट असल्याचे समजतात. ही ओळख महत्त्वाची आहे, कारण सायनोबॅक्टेरियांवरील काही उपाय डायनोफ्लॅजेलेटांना पोषक ठरतात.

कारणे : माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया येतो. समुद्राच्या पाण्याचे पीएच मूल्य ८.१ ते ८.३ असल्याने त्यातील अमोनियाचा कमी पीएच मूल्याच्या पाण्यापेक्षा अधिक भाग विषारी स्वरूपात राहतो. सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइटात व मग नायट्रेटात रूपांतर करतात. या क्रियेस नायट्रीकरण म्हणतात. ती सूक्ष्मजंतूंमुळे घडते व ते सूक्ष्मजंतू तिच्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवरच जगतात, हे रशियन सूक्ष्मजीववैज्ञानिक सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास सिद्ध केले. जलजीवालयांत हे काम नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर हे वंश करतात, असे पुढे दीर्घकाळ मानले जाई. परंतु टिमथी होव्हानेक व त्यांचे सहकारी यांनी १९९६ व १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून जलजीवालयांत नायट्राइटाचे ऑक्सिडीकरण मुख्यत्वे नायट्रोस्पायरासारखे सूक्ष्मजंतू करीत असल्याचे दिसून आले. २००५ मध्ये तर अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा, सूक्ष्मजंतूंहून वेगळ्या अशा आर्किया या गटातील नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा जीव अमेरिकेतील सिॲटल येथील सार्वजनिक जलजीवालयाच्या एका खाऱ्या पाण्याच्या टाकीतूनच वेगळा करण्यात आला. घरगुती जलजीवालयात घातल्या जाणाऱ्या ‘तयार’ सूक्ष्मजंतूंच्या बाटल्यांत नेमके काय असावयास हवे, हा प्रश्न यामुळे वाटतो तितका साधा राहिलेला नाही.

नायट्रीकरण करणारे जीव सावकाश वाढतात. अनुकूल स्थितीतही त्यांची संख्या दुप्पट होण्यास अर्धा-एक दिवस वा त्याहून अधिक काळ लागतो. परपोषी सूक्ष्मजंतूंना मात्र पुष्कळदा तासाभराहून कमी वेळ पुरतो. म्हणून नव्या जलजीवालयात अमोनिया व नायट्राइट शून्यावर येण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे जातात. मात्र या दोन चाचण्या शून्य आल्या म्हणजे जलजीवालय ‘तयार’ झाले, हा समज खरा नाही. तेवढ्याने एकच रासायनिक साखळी पुरी झालेली असते. खडकाचा प्रत्येक पृष्ठभाग निरनिराळे सूक्ष्मजंतू, गुलाबी चूर्णमय शैवले, स्पंज, कृमी व बारीक कवचधारी प्राणी यांनी व्यापणे ही दुसरी आणि अधिक संथ प्रक्रिया असून तिला बहुधा सहा महिने ते वर्षभराचा काळ लागतो. तोपर्यंत मोकळा पृष्ठभाग जो वेगाने वाढेल त्याच्या हाती जातो. नांगरून मोकळ्या सोडलेल्या शेतात पिकाआधी तण माजावे, तसाच हा प्रकार आहे.

या दृष्टीने खडकाच्या निवडीस फार महत्त्व आहे. इंडोनेशियातील जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेले जीवयुक्त खडक व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच प्रवाळ जगविण्याची आपली पद्धत १९६१ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात मांडली. पुढे जर्मनीत, विशेषतः बर्लिन येथे, तिला फेसाने पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची जोड मिळाली व प्रवाळपालन घरोघर शक्य झाले. अशा जिवंत खडकांवर परिपक्व जीवसमूह आयताच येत असल्याने उपद्रवी वाढीचा काळ आखूड असे. अलीकडे प्रवाळभित्तींच्या रक्षणासाठी सर्वत्र कोरडे किंवा कृत्रिम खडक वापरण्याकडे कल आहे. भारतात तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाल्यामुळे मालवण, कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप वा अंदमान येथून प्रवाळ उचलणे हा गुन्हा ठरतो. कोरडे खडक वापरणे त्यामुळे येथे अनिवार्य व उचितच आहे. पण त्याची किंमत म्हणून उपद्रवी वाढीचा दीर्घ काळ गृहीत धरावा लागतो. शिवाय मृत प्रवाळांच्या चुनखडीत फॉस्फेट शोषलेले असते व ते पाण्यात महिनोन्‌महिने झिरपत राहते. असे खडक वापरण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या खाऱ्या पाण्यात ठेवून ते पाणी वारंवार बदलणे हिताचे ठरते.

पोषकद्रव्यांविषयी बराच गैरसमज आहे. खुल्या समुद्रातील प्रवाळभित्तीभोवतीच्या पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट अत्यल्प असतात. त्यावरून जलजीवालयातही ती शून्यावर आणावीत असे अनेकांना वाटते. परंतु समुद्रात प्रवाळांवरून अहोरात्र वाहणारे पाणी प्लवकांचे अन्न आणीत असते, तसे काचेच्या टाकीत घडत नाही. दोन्ही द्रव्ये शून्यावर गेली की प्रवाळ फिकट पडून उपाशी राहतात, स्पर्धक शैवले व सूक्ष्मजंतू मागे हटतात आणि त्या पोकळीत डायनोफ्लॅजेलेट माजतात. नायट्रेट संपले व फॉस्फेट उरले तर त्याचा लाभ काही सायनोबॅक्टेरियांना होतो, कारण ते पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन वायूचे स्थिरीकरण करू शकतात. निसर्गात याचे मोठे उदाहरण अरबी समुद्रात दिसते. तेथे कोकण, गोवा व कर्नाटक यांच्या किनाऱ्याजवळ फेब्रुवारी ते मे या काळात समुद्र शांत व उबदार असताना ट्रायकोडेस्मियम या सायनोबॅक्टेरियाचे तपकिरी-पिवळे पट्टे लाकडाच्या भुशाप्रमाणे तरंगताना आढळतात. त्याची वाढ नायट्रेटाच्या अभावी थांबत नाही.

अमेरिकन सागरवैज्ञानिक ॲल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये सागरी प्लवकांतील व सागरजलातील मूलद्रव्यांच्या प्रमाणांतील सारखेपणा दाखवून दिला. कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांचे अणुसंख्येनुसार १०६ : १६ : १ हे प्रमाण त्यांच्या नावाने ओळखले जाते. जलजीवालयातील नायट्रेट व फॉस्फेट याच प्रमाणात राखली की सायनोबॅक्टेरिया नाहीसे होतात, असे आग्रहाने सांगितले जाते. परंतु हे प्रमाण विशाल महासागराचे सरासरी वर्णन आहे, छोट्या टाकीसाठी काढलेले औषधाचे माप नाही. दोन्ही द्रव्ये मोजता येतील इतकी असणे व ती स्थिर राहणे, हे प्रमाणापेक्षा अधिक महत्त्वाचे होय. व्यवहारात नायट्रेट लिटरमागे २ ते १० मिग्रॅ. व फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिग्रॅ. या मर्यादेत ठेवतात.

पाण्याचा प्रवाह मंद असलेल्या कोपऱ्यांत कुजका गाळ बसतो. गाळाच्या तळाशी ऑक्सिजन संपला की तेथून फॉस्फेट व लोह मोकळे होतात आणि सायनोबॅक्टेरियांची साय अशाच जागी प्रथम धरते. त्यामुळे पाण्याच्या चाचणीत फॉस्फेट अल्प दिसत असतानाही वाळूवर थर वाढू शकतो. थरातील जीव ते पाण्यात मिसळण्यापूर्वीच उचलीत असतात.

उपाययोजना : पहिला उपाय हाताने करावयाचा आहे. पाणी बदलताना थर बारीक नळीने शोषून टाकीबाहेर काढावा. तो नुसता घासून पाण्यात पसरविल्यास तुटलेले तंतू नव्या जागी रुजतात. थर काढण्याबरोबर त्याने साठविलेली पोषकद्रव्येही कायमची बाहेर जातात, हा या साध्या कृतीचा मोठा लाभ आहे. आठवड्याला सु. १० टक्के पाणी बदलणे पुरते. भरीचे पाणी व्यस्त तर्षणाने, म्हणजे आर. ओ. यंत्राने, शुद्ध केलेले असावे. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडून जाते व नळाच्या पाण्यातील सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट ही द्रव्ये मागे राहून साठत जातात, ही गोष्ट नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. शहराजवळच्या किनाऱ्यावरून भरून आणलेले समुद्राचे पाणीही सांडपाण्यामुळे पोषकद्रव्यांनी भारलेले असते. कृत्रिम मीठमिश्रण त्याहून सुरक्षित होय.

पंपांनी टाकीतील पाणी ताशी टाकीच्या घनफळाच्या निदान १० ते २० पट फिरेल व कोणताही कोपरा निश्चल राहणार नाही, असे पाहावे. अन्न मोजके द्यावे व गोठविलेले अन्न वितळवून, गाळून मगच घालावे. हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांवर प्रथिने व इतर कार्बनी द्रव्ये गोळा करून फेसाबरोबर बाहेर टाकणारे स्किमर नावाचे यंत्र येथे फार उपयोगी पडते, कारण ते पाण्याला ऑक्सिजनही पुरविते. प्रकाश दिवसाला आठ ते दहा तासांपेक्षा अधिक ठेवू नये. नव्या टाकीत प्रवाळ नसतील तर सुरुवातीस तो याहूनही कमी चालतो. माशांची संख्या हळूहळू, आठवड्यांच्या अंतराने वाढवावी. मुरलेल्या व निरोगी जलजीवालयातील थोडी वाळू किंवा खडकाचा तुकडा मिळाल्यास तो नव्या टाकीत घालणे हा फारसा गाजावाजा न झालेला, पण परिणामकारक उपाय आहे. गोगलगाईंवर मात्र फार भिस्त ठेवू नये. त्या करंडक वनस्पती व हिरवी शैवले चरतात. सायनोबॅक्टेरियांची साय बुळबुळीत व काही वेळा विषारी असल्याने बहुतेक प्राणी ती टाळतात.

थर फार वाढला असल्यास टाकी तीन दिवस पूर्ण अंधारात ठेवण्याची पद्धत आहे. तत्पूर्वी शक्य तितका थर शोषून काढावा लागतो, अन्यथा मेलेले तंतू कुजून अमोनिया वाढतो. प्रकाशसंश्लेषण थांबल्याने ऑक्सिजन घटतो, म्हणून हवेचा पुरवठा वाढवावा. निरोगी प्रवाळ एवढा काळ सहन करतात. यामुळे थर नाहीसा झाला तरी कारणे तशीच असल्यास तो दोन-तीन आठवड्यांत परततो.

फॉस्फेट शोषणारी लोहयुक्त खडी किंवा लँथॅनमाची लवणे वापरताना सावधगिरी हवी. फॉस्फेट एकाएकी घटल्यास प्रवाळांच्या ऊती झडू लागतात व वर सांगितल्याप्रमाणे डायनोफ्लॅजेलेटांना वाट मिळते. साखर, व्हिनेगर वा व्होडका यांच्या रूपाने पाण्यात कार्बन घालून परपोषी सूक्ष्मजंतू वाढवावयाचे व ते फेसाबरोबर काढून टाकावयाचे, ही पद्धत जुन्या टाकीत उपयुक्त आहे. नव्या टाकीत ती बहुधा पाणी पांढुरके करण्यास कारण होते. पाणी असे झाल्यास धोका सूक्ष्मजंतूंच्या विषाचा नसून त्यांनी वापरलेल्या ऑक्सिजनाचा असतो. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. अशा वेळी अन्न व कार्बन बंद करून हवा वाढवावी. जंबुपार (अतिनील) प्रकाशाचा दिवा पाण्यात तरंगणाऱ्या जीवांवर परिणाम करतो. वाळूला चिकटलेल्या सायीवर त्याचा उपयोग होत नाही.

प्रतिजैव पदार्थांचा वापर : एरिथ्रोमायसीन हे प्रतिजैव (अँटिबायॉटिक) औषध सायनोबॅक्टेरियांना मारते व दोन-तीन दिवसांत थर नाहीसा होतो. या नाट्यमय परिणामामुळे त्याचा वापर रूढ झाला. तथापि नव्या जलजीवालयात तो टाळणेच इष्ट. हे औषध सूक्ष्मजंतूंच्या रिबोसोमांना (प्रथिने बनविणाऱ्या कोशिकांतर्गत कणांना) चिकटून प्रथिननिर्मिती थांबविते. सायनोबॅक्टेरिया व इतर उपयुक्त सूक्ष्मजंतू यांत ते भेद करीत नाही. नायट्रीकरण करणारे जीव त्याला काहीसे कमी बळी पडत असले, तरी कोवळ्या टाकीत त्यांची संख्या मुळातच अपुरी असते. प्रवाळांच्या शरीरात राहणाऱ्या झूझँथेली या सहजीवी शैवलांच्या हरितकणूंतील रिबोसोमे सूक्ष्मजंतूंसारखीच असल्यामुळे त्यांनाही इजा पोहोचण्याची शक्यता राहते. मेलेला थर एकदम कुजल्याने ऑक्सिजन घटून रात्रीत मासे दगावतात, ते वेगळेच. ज्या पृष्ठभागांवरून सायनोबॅक्टेरिया हटतात ते पुन्हा मोकळे होतात आणि जीवसमूहाची घडण जवळजवळ आरंभापासून सुरू होते.

हा थर केवळ दिसावयास वाईट म्हणून सोडून द्यावा, असेही नाही. प्रवाळांवर चढल्यास तो त्यांचा प्रकाश व ऑक्सिजन तोडतो. दाट सायीखाली विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होऊन ऊती मरतात. निसर्गातही सायनोबॅक्टेरियांची काळी साय प्रवाळांवरून दिवसाला काही मिमी. सरकत मागे पांढरा सांगाडा ठेवून जाते. काळपट्टा रोग या नावाने ओळखला जाणारा हा विकार प्रथम १९७० नंतरच्या दशकात कॅरिबियन समुद्रातून वर्णिला गेला. यासाठी जलजीवालयातील प्रवाळांवर आलेली साय रोज पिचकारीच्या झोताने उडवून लगेच शोषून घ्यावी. वाळूवरील साय आठवड्याने काढली तरी चालते.

उपाय करीत असताना नायट्रेट, फॉस्फेट, क्षारता व तापमान (२४° ते २७° से.) यांची नोंद ठेवणे आणि एका वेळी एकच बदल करून निदान दोन आठवडे वाट पाहणे आवश्यक आहे, एकदम पाच गोष्टी बदलल्यास कशाने गुण आला ते कळत नाही. प्रतिजैव औषध घातलेले पाणी, तसेच शोषून काढलेला थर नाल्यात, खाडीत वा समुद्रात टाकू नये. औषधाच्या अवशेषांमुळे प्रतिरोधी सूक्ष्मजंतू निपजण्याचा धोका असतो आणि परक्या समुद्रातील जीव आपल्या किनाऱ्यावर शिरण्याचाही. थर विरंजक चूर्णाच्या द्रावणात दिवसभर ठेवून मग त्याची विल्हेवाट लावतात.